काउंटर सहा

पहाटे तीन चाळीसचं दोहाचं विमान,
येरेवानच्या विमानतळावर काउंटर सहा माझं,
आणि रांगेत सातवा तो.
मेस्रोप. वय एकाहत्तर. अंगात जाड कोट, ऑगस्ट असूनही.
तिकडे थंडी आहे म्हणाला, मुलीनं कळवलंय.
तिकडे म्हणजे ब्वेनोस आयरेस.

झोपलेलं मूल ठेवावं तशी बॅग काट्यावर ठेवली त्यानं.
तेवीस किलो तीनशे.
"तेवीसच आहे," तो म्हणाला,
"तुमचा काटा तीनशे ग्रॅम खोटं बोलतो."
असे रोज भेटतात. मी वर पाहिलं नाही.

मग पडद्यावर तो लाल प्रश्न आला
जो एकेरी तिकिटाच्या नशिबी असतोच:
पुढचं तिकीट?
म्हणजे, आजोबा, तिथून तुम्ही बाहेर कधी पडणार?
"अजून पोचलोही नाही, पोरी."
खरंय. पण नियमच असा,
की पाहुण्यानं उंबऱ्याबाहेरूनच सांगायचं
नव्वद दिवसांच्या आत उठेन म्हणून,
आणि सांगून भागत नाही, कागद दाखवायचा.
नाहीतर ते तुम्हाला आल्या पावली परत पाठवणार,
दंड आमच्या कंपनीला,
आणि कंपनी माझ्या पगाराकडे बघणार.
हे शेवटचं मी बोलले नाही.

तिकीट त्यानं स्वतः काढलेलं,
शेजाऱ्याच्या मुलाच्या फोनवर, तीन रात्री जागून.
सगळ्यात स्वस्त ते.
म्हणून दोहात एकवीस तास.
इतका लांब थांबा आपणहून निवडला तर हॉटेल मिळत नाही,
हे बारीक अक्षरात होतं.
"बारीक अक्षर दिसतं मला,"
त्यानं खिशातून भिंग काढून दाखवलं.
चाळीस वर्षं ग्युमरीत वजनकाटे दुरुस्त केले,
सोनारांचे, खाटकांचे, प्रसूतिगृहातले.
"बाळांचा काटा सगळ्यात अवघड. बाळ हलतं.
थांबावं लागतं.
एकवीस तास बसायचं म्हणजे काय मोठंसं."

मागे कुणीतरी खाकरलं.
"परतीचं घेऊ?" त्यानं विचारलं आणि पाकीट उघडलं.
पाकिटात तो बघत राहिला.

नियमाला तुमचं परत येणं नको असतं,
फक्त निघणं हवं असतं.
आणि विमानानंच निघा असं कुठेही लिहिलेलं नाही.
नदीपलीकडे उरुग्वे, सव्वा तासाची बोट,
कोलोनिया नावाचं गाव.
माझ्याच फोनवर काढलं मी ते तिकीट:
चौदा नोव्हेंबर, सकाळी सव्वाआठ.
गावाचं नाव त्यानं दोनदा विचारलं,
जणू तिथे कुणी खरंच जेवायचं थांबलंय.
पैसे मोजून दिले, शेवटच्या नाण्यापर्यंत.

लाल गेलं. पट्ट्यावरून बॅग गेली.
वरचे तीनशे मी सोडून दिले.
"येतो," म्हणाला.
त्याच्या एवढ्या कागदांत
या शब्दाला कुठेच जागा नव्हती.

पुढच्या मंगळवारी वजनमाप खात्याचा माणूस आला.
काउंटर सहा: दोनशे नव्वद ग्रॅम जास्त.
किती जणांकडून किती घेतलं असेल मी,
हिशेब सुरू केला
आणि सोडला.

आज चौदा नोव्हेंबर.
तिथे सव्वाआठ, इथे दुपारचे सव्वातीन.
रजा होती, बटाटे सोलत होते.
बरोबर वेळेला सुरी खाली ठेवली.
सुटली असेल बोट, एक खुर्ची रिकामी घेऊन,
किंवा, मला आपलं उगाच वाटतं,
रिकामी नसेलही.
खिडकीशी एक म्हातारा, कोट मांडीवर,
इतकं पाणी
कुठल्या काट्यावर तोलायचं, याचा विचार करत.